गाणं टाकलं, आता ते सापडायला हवं

माझं पहिलं गाणं ऑनलाइन आलं त्या दिवशी पहाटे उठून मी फोनवर ते शोधत बसले होते. गाण्याचं नाव 'जिना'. आमच्या चाळीच्या लाकडी जिन्यावरचं, पेटी-ढोलकीवर बांधलेलं साधं चार कडव्यांचं गाणं. मी इंग्रजी अक्षरांत नाव टाइप केलं आणि समोर आली ती 'जीना' शब्दाची हिंदी गाणी, एकाखाली एक, संपता संपेनात. मग माझं नाव टाकलं. तर माझ्याच नावाआडनावाच्या दुसऱ्या एका बाईंच्या पानावर, त्यांच्या फोटोखाली, त्यांच्या भक्तिगीतांच्या रांगेत माझा 'जिना' जाऊन बसलेला. सासूबाईंनी चहा गाळता गाळता विचारलं, "आलं का गं गाणं?" आलं होतं. सापडत नव्हतं.

करी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमची खोली. दिवसा मी मुलांना गाणं शिकवते आणि वर्षाला दोन-तीन गाणी स्वतःची काढते. चाल माझी, शब्द बहुतेक वेळा माझेच, ढोलकीवर भाचा. मागे कुठली म्युझिक कंपनी नाही. आता नवी मुलं-मुली येतात, विचारतात, "ताई, गाणं रेकॉर्ड झालंय, कुठे टाकू?" मी पहिल्यांदा विचारते, "नाव काय ठेवलंयस?" कारण टाकायला अर्धा तास लागतो. ते ऐकणाऱ्याला सापडावं यासाठी लागणारं सगळं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

नाव आणि स्पेलिंग

मराठी माणूस गाणं तीन तऱ्हांनी शोधतो. देवनागरीत लिहून, इंग्रजी अक्षरांत मनाला येईल तसं लिहून, नाहीतर फोनला तोंडी सांगून. तिन्ही वाटांनी तुमचं गाणं हाती लागलं पाहिजे. 'पाऊस' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला दहा जणांना सांगा. कुणी एकच 'ए' लिहील, कुणी दोन, कुणी मध्ये 'डब्ल्यू' घालेल, कुणी शेवटाकडे दोन 'ओ' लावेल. म्हणून एकशब्दी, सर्रास वापरातलं नाव मी आता ठेवतच नाही. 'जिना'चं नाव आज ठेवलं असतं तर 'चाळीचा जिना' ठेवलं असतं. नाव पक्कं करण्याआधी यूट्यूब, स्पॉटिफाय आणि जिओसावन या तिन्ही ठिकाणी शोधून पाहा. पहिल्या पानावर आधीच गर्दी असेल तर दुसरं शोधा.

स्वतःच्या नावाचंही तसंच. एकदा ठरवलेलं स्पेलिंग, मधल्या जागेसकट, प्रत्येक ठिकाणी तेच. एका गाण्याला आद्याक्षर लावलं आणि दुसऱ्याला नाही, तर मशीनच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होतात. पहिल्या गाण्याच्या वेळी फॉर्ममध्ये विचारतात की या कलाकाराचं पान आधीपासून आहे का. तिथे 'नाही, नवीन पान करा' हे स्वतः निवडायचं. मी तो रकाना वाचलाच नव्हता. त्या बाईंच्या पानावरून गाणं माझ्या पानावर यायला तीन आठवडे लागले. तोवर ज्यांना मी उत्साहाने कळवलं होतं त्यांचं शोधून झालं होतं आणि विसरूनही झालं होतं.

मधला माणूस

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर आपण थेट गाणं चढवू शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो, म्हणजे आपलं गाणं तिथे पोहोचवणारी कंपनी. डिस्ट्रोकिडसारख्यांची वर्षाची फी असते आणि तेवढ्यात कितीही गाणी टाकता येतात. सीडी बेबी एका रिलीजचे एकदाच पैसे घेते आणि पुढे कमाईतले ९ टक्के ठेवते. राउटनोटचा एक मार्ग फुकट आहे, त्यात ते कमाईतले १५ टक्के घेतात. फी बदलत राहते, ती त्या दिवशी त्यांच्या साइटवर बघा. पण या तीन पद्धतींतला फरक आधी समजून घ्या. वर्षाला एक-दोनच गाणी काढणाऱ्याने वार्षिक फी भरण्याआधी दोनदा विचार करावा, कारण फी थांबली की गाणी उतरू शकतात.

माझी उतरली होती. बँकेने कार्ड बदललं, जुन्या कार्डावरून फी गेली नाही, सूचनेचे ईमेल मी न वापरलेल्या पत्त्यावर गेले, आणि एका सकाळी एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला, "मॅडम, तुमची गाणी दिसत नाहीत." त्या वेळी वाचवलं ते आयएसआरसी नंबरांनी. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा असा एक कायमचा नंबर असतो. डिस्ट्रिब्युटर तो फुकट देतो, आणि स्वतःचा हवा असेल तर भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते. तीच फाइल, तोच नंबर, तेच नाव घालून पुन्हा चढवलं तर आधीचे ऐकले गेलेले आकडे सहसा परत जोडले जातात. माझे नंबर वहीत लिहिलेले होते. तुम्हीही लिहा. क्लाउडवर ठेवा, पण वहीतही लिहा.

अमेरिकन डिस्ट्रिब्युटर असेल तर खातं उघडताना कराचा एक फॉर्म समोर येतो, डब्ल्यू-८बीईएन. तो पॅन नंबर घालून नीट भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या कमाईवर रॉयल्टीचा कर १५ टक्के कापला जातो. फॉर्म अर्धवट राहिला तर ३०.

शब्द कुणाचे, चाल कुणाची

हे मैत्रीत कुणी बोलत नाही आणि मैत्री तिथेच तुटते. माझ्या एका गाण्याला एका मित्राने सुरेख वाद्यमेळ करून दिला. पैसे घेतले नाहीत. वर्षभराने ते गाणं एका लग्नाच्या व्हिडिओत वाजलं, थोडे पैसे आले, आणि तेव्हा कळलं की तो स्वतःला चालीतही भागीदार समजत होता. त्याचं पूर्ण चुकत नव्हतं. आम्ही ठरवलंच नव्हतं. आता रेकॉर्डिंगच्या आधी एक कागद करते. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाद्यमेळ कुणाचा, रेकॉर्डिंगचा मालक कोण, कुणाला किती टक्के किंवा किती रुपये. खाली सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. कायद्यात रचना आणि रेकॉर्डिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कागदावरही त्या वेगळ्या लिहाव्यात.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा जपला. पण तो वाटा गोळा करून घरी आणायला आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, सभासद व्हावं लागतं. ही संस्था १९६९पासून मुंबईतच आहे. स्वतः लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या प्रत्येकाने तिथे नाव नोंदवावं आणि प्रत्येक गाणं आठवणीने कळवावं. डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्येही गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात टोपणनाव न घालता कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव घाला.

अभंगाबद्दल खास सांगते, कारण आमच्याकडे सगळ्यांची सुरुवात तिथून होते. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. पण तुम्हाला लहानपणापासून पाठ असलेली चाल बहुतेक वेळा एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते आणि तिचा हक्क जिवंत असतो. लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. म्हणून अभंग घ्या, चाल स्वतः लावा. तुमचा आवाज लोकांना वेगळा ऐकू येण्याचाही हाच रस्ता आहे.

फाइल

आमच्या खिडकीखालून दिवसभर लोकल जातात. शेवटची गाडी गेली की पहाटेची पहिली येईपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. मी त्याच वेळात गाते. कपाटाचं दार उघडून, आतल्या साड्यांकडे तोंड करून. पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टांगलेल्या. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद. पहाटे ते परत चालू करायचं विसरू नये म्हणून माइकच्या स्टँडला फ्रिजमधली दुधाची पिशवी आठवेल अशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. साड्यांनी आवाजाचा घुमारा इतका छान मरतो की भाड्याच्या स्टुडिओत गेल्यावर मला त्यांची आठवण येते.

फाइल डब्ल्यूएव्ही हवी, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ किंवा २४ बिट. रेकॉर्डिस्टकडून ती व्हॉट्सॲपवर साध्या ऑडिओसारखी घेऊ नका. डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक घ्या. आवाज फुगवून मागू नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब दोघेही गाण्याची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणतात, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच येतं आणि ढोलकीची थाप मात्र चपटी होऊन बसते. मुखपृष्ठाचं चित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, वेबसाइट, कुठल्या ॲपचा लोगो घालू नका, त्यावरून गाणं परत येतं. भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडा. हे सांगायला साधं वाटतं, पण घाईत हिंदी निवडून टाकलेली मराठी गाणी मी स्वतः दुरुस्त करून दिली आहेत.

तारीख

गाणं डिस्ट्रिब्युटरकडे द्यायचं आणि उद्या लावायचं, असं करू नका. चार आठवडे हातात ठेवा. 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स' या कलाकारांसाठीच्या खात्यातून त्यांच्या संपादकांकडे गाणं पाठवता येतं, पण ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच. निवड होईलच असं नाही. माझी आजवर एकदाच झाली. पण सात दिवस आधी पाठवलं की तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार यादीत गाणं आपोआप जातं, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते करायचंच. त्या फॉर्मवर 'मनाला भिडणारं गाणं' असलं काही लिहू नका. वाद्यं कुठली, भाषा कुठली, गाणं कशावर, हे तीन ओळींत लिहा.

आणि पंचांग बघा. पावसाचं गाणं जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं तर लोकांना हवंसं असतं, ऑगस्टमध्ये लोक पावसाला कंटाळलेले असतात. विठ्ठलाचं गाणं आषाढी एकादशीच्या दोन-तीन आठवडे आधी यावं. गणपतीचं गाणं श्रावण लागायच्या आत. मंडळांच्या याद्या तेव्हाच भरायला लागतात. गणपतीच्या दिवसांत दुसरं कुठलंही गाणं लालबाग-परळात कुणाच्या कानावर पडणार नाही, मी ते करून पाहिलंय.

यूट्यूब

माझे ऐकणारे सगळ्यात जास्त इथे आहेत, म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. व्हिडिओला खर्च करू नका. एक चांगलं स्थिर चित्र आणि त्यावर देवनागरीत नीट सरकणारे शब्द, एवढं पुरतं. मथळ्यात आधी देवनागरी नाव, मग तुमच्या ठरलेल्या स्पेलिंगमध्ये इंग्रजी अक्षरांतलं नाव, मग गायिका. खालच्या माहितीत पूर्ण गाणं टाइप करा, सगळी कडवी. लोकांना मुखडा आठवत नाही, मधलीच एखादी ओळ आठवते. 'चौथ्या पायरीला रात्री कुणी बसतं' ही माझ्या गाण्यातली ओळ शोधून लोक 'जिना'पर्यंत पोहोचले, नाव शोधून नाही. स्पॉटिफायवर दिसणारे शब्द म्युझिक्समॅच या गाण्यांच्या शब्दांच्या साइटकडून जातात, तिथेही देवनागरीत भरा. मग ढोलकीवाला, रेकॉर्डिस्ट, चित्र काढणारी मुलगी, सगळ्यांची नावं.

डिस्ट्रिब्युटर कंटेंट आयडीची सोय देतात. म्हणजे तुमचं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजलं तर यूट्यूब ते ओळखतं. इथे दोन गोष्टी जपा. स्वतःचं चॅनेल त्यांना आधी कळवून ठेवा, नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच नावाने दावा लागतो. आणि गाण्यात ॲपमधला तानपुरा, तयार तबल्याचा ठेका किंवा विकतचा लूप असेल तर कंटेंट आयडी घेऊच नका. तोच ठेका हजारो जणांनी वापरलेला असतो, आणि कुठल्यातरी गरीब विद्यार्थ्याच्या रियाजाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाचा दावा जाऊन पडतो. जाहिरातीच्या पैशांसाठी १००० सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत ४००० तास बघितलं जाणं लागतं. मला तिथे पोहोचायला चार वर्षं लागली.

रील, कॉलर ट्यून आणि निरोप

जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हापासून छोट्या व्हिडिओंचं काम इन्स्टाग्रामवर आलं. डिस्ट्रिब्युटरकडे इन्स्टाग्राम-फेसबुकचा पर्याय चालू आहे ना ते बघा, म्हणजे लोकांना तुमचं गाणं त्यांच्या रीलला लावता येतं. क्लिप कुठल्या सेकंदाला सुरू व्हावी हे काही डिस्ट्रिब्युटर ठरवू देतात. ते सोडू नका. 'जिना'ची सुरुवात पेटीच्या आलापाने होते, रीलमध्ये लोकांना नुसती पेटीच ऐकू यायची. आता क्लिप सरळ मुखड्यावर लागते. माझी सगळ्यात जास्त पसरलेली रील मी बनवलीच नव्हती. सकाळच्या ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात रोज भजनं म्हणणाऱ्या बायकांनी माझं विठ्ठलाचं गाणं टाळ्यांवर म्हटलं आणि त्यातल्या एकीच्या मुलीने ते फोनवर टिपलं. मी त्यांना फक्त शब्द छापून दिले होते, मोठ्या अक्षरांत, एका पानावर.

कॉलर ट्यूनची सोय आहे का, हेही डिस्ट्रिब्युटरला विचारा. तरुण मुलं याला हसतात. सासूबाईंच्या फोनला माझं गाणं आहे, आणि त्यांना दिवसाला पंधरा फोन येतात. गावाकडून, भिशीच्या बायकांकडून, दूधवाल्याकडून. "कुणाचं हो गाणं?" असं विचारणाऱ्याला त्या आनंदाने पाच मिनिटं सांगतात.

निरोपाचं म्हणाल तर ग्रुपवर लिंक टाकून भागत नाही. मी प्रत्येक गाण्याला साठेक माणसांना वेगवेगळा निरोप लिहिते. दोन संध्याकाळी जातात. 'काकू, तुम्ही गेल्या वेळी म्हणालात ढोलकी कमी ऐकू येते, या वेळी ती पुढे आणलीय, ऐकून सांगा.' असा निरोप गेला की माणूस ऐकतो, आणि ऐकून उत्तर देतो. ज्यांनी उत्तर दिलं त्यांची नावं वहीत, पुढच्या गाण्याला तीच आधी.

एक गोष्ट मात्र करू नका. तिसऱ्या गाण्याच्या वेळी मला इन्स्टाग्रामवर एकाचा मेसेज आला होता, चार हजार रुपयांत पन्नास हजार वेळा ऐकवून देतो म्हणून. मी पैसे दिले. आकडे धडाधड वाढले, सगळे एका परदेशी शहरातून, रात्रीच्या एकाच तासाला. महिन्याभरात गाणं काढून टाकलं गेलं. खोट्या ऐकण्यावर स्पॉटिफाय आता डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं आणि काही डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराकडून वसूल करतात. २०२४पासून तिथे वर्षात १००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत, म्हणून मुलं घाबरून असल्या लोकांकडे जातात. जाऊ नका. ते चार हजार ढोलकीला नवी शाई भरायला आणि चांगल्या केबलला द्या.

पेनड्राइव्ह

लालबाग-परळात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. सणाआधीचे दोन महिने तिथे रात्रभर काम चालतं आणि रात्रभर स्पीकर चालतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथे आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. मी माझी गाणी त्यांना पेनड्राइव्हवर दिली होती. पंधरा दिवसांनी रात्री डबा द्यायला गेले तर त्यातलंच एक गाणं चालू होतं आणि कोपऱ्यात मूर्तीचं अंग घासणारा एक मुलगा मुखडा गुणगुणत होता. मी विचारलं, हे गाणं कुणाचं? म्हणाला, "माहीत नाही, ताई. मी फोनवर किती शोधलं. इथे नुसतं ट्रॅक शून्य सात लिहून येतं." स्पीकरच्या छोट्या पट्टीवर खरंच तेवढंच सरकत होतं.

तेव्हापासून कुणालाही फाइल देण्याआधी तिच्या आतल्या माहितीत गाण्याचं नाव, गायिकेचं नाव आणि चित्र भरते. मोबाइलवरच्या कुठल्याही टॅग एडिटरमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. फाइलच्या बाहेरच्या नावात मात्र इंग्रजी अक्षरंच ठेवा, जुन्या स्पीकरांच्या पट्टीवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. त्या रात्री मी पेनड्राइव्ह घरी आणला, सातही गाण्यांची नावं भरली आणि सकाळी परत नेऊन दिला. तो मुलगा झोपला होता. दुपारी फोनवर त्याचा मेसेज आला, 'चाळीचा जिना'ची लिंक, आणि खाली, 'सापडलं.' मूळ नाव 'जिना' होतं. पेनड्राइव्हवर आणि यूट्यूबच्या मथळ्यात मी ते आदल्या रात्रीच बदललं होतं.